रोबो मोअरची पाती बदलताना

हुस्कवार्नाच्या ऑटोमोअरसारख्या गवत कापणाऱ्या रोबोच्या पोटाखाली फिरती चकती असते. तिला वस्तऱ्यासारखी धारदार, छोटी पाती स्क्रूने जोडलेली असतात. कापलेल्या गवताची टोके फाटकी, तपकिरी दिसू लागली, की पाती बोथट झाली असे समजावे.

आधी मुख्य स्विच बंद करा. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे चार्जरपासून दूर केल्याने ते बंद होत नाही. जाड हातमोजे घालून यंत्र मऊ कापडावर उलटे ठेवा. चिकटलेले गवत ब्रशने काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. सगळी पाती एकदमच बदला, नाहीतर चकतीचा तोल बिघडतो. स्क्रूही नवेच लावा, कारण झिजलेला स्क्रू तुटला तर पाते सुटून उडू शकते. शेवटी प्रत्येक पाते सहज फिरते ना, ते हातमोजे न काढता तपासा.