खरबूज, चिबूड आणि डांगर : नावे व उपयोग

एखाद्या फळाचे गुण सांगू लागताच आपण त्याचे नाव गृहीत धरतो. खरबुजाच्या बाबतीत हे गृहीतच आधी तपासून पाहणे आवश्यक आहे. वनस्पतिशास्त्र ज्या जातीला कुकुमिस मेलो म्हणते, तिची फळे मराठी मुलखात खरबूज, चिबूड, डांगर अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जातात. ही नावे परस्परांचे पर्याय नव्हेत; प्रत्येकाचा हंगाम वेगळा, खाण्याची रीत वेगळी आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, काही अंशी गुणही वेगळे.

यांपैकी चिबूड हा शब्द जुना व देशी परंपरेचा. संस्कृत ‘चिर्भट’, प्राकृत ‘चिब्भड’ व मराठी ‘चिबूड’ ही परंपरा स्पष्ट आहे. गुजरातीतील ‘चीभडुं’ हे त्याचेच भावंड होय. मराठीत कुंपणच शेत खाते; गुजरातीत मात्र तेच कुंपण चीभडी गिळते. शेतातील राखण करण्याजोगी वस्तू म्हणून हेच फळ म्हणीत यावे, हे त्याच्या प्रचाराचे चांगले गमक आहे. कोकण व गोव्यात चिबूड पावसाळ्यात होते, गणेशचतुर्थीच्या सुमारास पिकते, गोव्यात गणपतीपुढील माटोळीत टांगले जाते आणि गूळ घालून खाल्ले जाते. त्याचा गर पिठूळ व बेताचाच गोड असल्यामुळे गूळ ही येथे चैन नसून गरज आहे.

‘खरबूज’ हा शब्द फारसी ‘खर्बुझा’वरून आला. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तो संस्कृत वेशात आढळतो. भावमिश्राने त्याला ‘दशांगुल’ असे दुसरे नाव दिले असून ते शीत, बल्य व मूत्रल मानले आहे. त्याच शतकात, १५२९ मध्ये, खरबूज कापताना आपल्याला रडू कोसळल्याचे बाबराने एका पत्रात लिहिले आहे. आग्र्याच्या बागेतही त्याने खरबुजाची लागवड करविली होती. आपल्याकडे खरबूज उन्हाळी राहिले. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या नदीच्या वाळूत त्याचे वेल लावीत. विदर्भात अशा लागवडीस डांगरवाडी म्हणतात, कारण तेथे ‘डांगर’ म्हणजे खरबूज. खानदेशात मात्र डांगर मागितल्यास लाल भोपळा पुढे येईल, आणि अन्यत्र कदाचित उडदाच्या पिठाचे तोंडीलावणे! धरणे व वाळूउपसा यांमुळे या वाड्या आता कमी झाल्या. बाजारातील पुष्कळसे खरबूज ठिबक सिंचनावरील शेतांतून येते.

नावांच्या या घोळाचा आहारविषयक परिणाम लहान नाही. इंग्रजी पुस्तकांतील ‘कँटलूप’चे गुण आपल्याकडील प्रत्येक खरबुजास सरसकट लावले जातात. मुळात हे नाव रोमजवळील कँटालूपो या गावावरून पडलेले. युरोपात ते शिरांच्या खडबडीत फळाला आहे, तर अमेरिकेत जाळीदार सालीच्या फळाला. शेकडा ९० च्या आसपास पाणी आणि १०० ग्रॅमला सुमारे ३४ उष्मांक ही गोष्ट बहुतेक प्रकारांना थोड्याफार फरकाने लागू पडते. पोटॅशियम व क जीवनसत्त्वही त्यांत असतात. परंतु ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते ते बीटा-कॅरोटीन नारिंगी गरातच भरपूर असते. हिरवट किंवा पांढऱ्या गरात ते अत्यल्प. म्हणून ‘खरबूज डोळ्यांस हितकर’ या विधानाला गराचा रंग सांगितल्याखेरीज अर्थ नाही. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम वर्ज्य आहे, त्यांनी वैद्यांस विचारूनच ते खावे.

नित्याच्या उपयोगात निवड महत्त्वाची. या फळात पिष्टाचा साठा नसल्यामुळे तोडल्यावर ते मऊ व सुवासिक होते, पण अधिक गोड होत नाही. जाळीदार जातीचे पक्व फळ देठापासून आपोआप सुटते. म्हणून देठाकडील खळगा स्वच्छ असावा आणि तेथे वास यावा. गर नुसता, सरबतात वा दुधात घालून घेतात. बिया टाकून देणे हे मात्र शहरी उधळेपण आहे. त्या धुऊन, वाळवून, सोलल्या की मगज मिळतो. कलिंगड, काकडी व भोपळा यांच्या बियांसह तो ‘चार मगज’ या नावाने थंडाईत व मिठाईत पडतो. त्यात स्निग्धांश व प्रथिने गरापेक्षा कितीतरी अधिक असतात.

एक सूचना सालीविषयी. जाळीच्या खाचांत माती व जंतू राहतात आणि सुरी त्यांना गरात नेते. २०११ साली अमेरिकेत अशा दूषित फळांतून लिस्टेरिया जंतूंची साथ पसरून ३३ माणसे दगावली. तेव्हा फळ कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली घासून धुवावे, आणि कापलेल्या फोडी उघड्यावर न ठेवता थंड जागी ठेवून लवकर संपवाव्यात.