विश्लेषण : दारू सोडायचीय, पण नवी मुंबईत ‘एए’ची मीटिंग शोधायची कशी?

‘उद्यापासून बंद’ असे घरात अनेकदा सांगून झालेले असते. मग एका रात्री मोबाइलवर ‘जवळची एए मीटिंग’ असे शोधले जाते. नकाशावर बहुतेकदा दिसतात ती दाखल करून घेणारी, पैसे आकारणारी खासगी व्यसनमुक्ती केंद्रे. वाशी, नेरूळ, पनवेलच्या एखाद्या हॉलमध्ये तासाभरासाठी जमणारा मोफत गट मात्र सहज सापडत नाही. तिथपर्यंत पोहोचायचे कसे आणि पोहोचल्यावर काय होते?

‘एए’ म्हणजे नेमके काय?

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हा दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांचा आधारगट आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात बिल विल्सन या शेअर व्यावसायिकाला पुन्हा पिण्याची तल्लफ आली. स्वतःला सावरण्यासाठी त्यांनी बोलायला दुसरा मद्यपी शोधला. ते होते डॉ. बॉब स्मिथ. एका मद्यपीचे म्हणणे दुसऱ्या मद्यपीला कळते, हेच आजही एएचे सूत्र आहे. भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झाले. सदस्यत्वासाठी शुल्क नाही. दारू थांबवण्याची इच्छा ही एकच अट.

मीटिंग कशी शोधायची?

एएचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय मुंबईतच आहे. ‘एए जीएसओ इंडिया’ असे शोधल्यास अधिकृत संकेतस्थळ आणि हेल्पलाइन मिळते. फोनवर चार गोष्टी विचारा : मीटिंगचा वार आणि वेळ, भाषा (मराठी, हिंदी की इंग्रजी), मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ आणि नेमका पत्ता. ओपन मीटिंगला घरचेही येऊ शकतात, क्लोज्ड फक्त दारूची समस्या असणाऱ्यांसाठी असते.

नवी मुंबईकरांसाठी एक खास सूचना. सेक्टर १० वाशीत आहे तसा ऐरोलीत आणि खारघरमध्येही आहे. त्यामुळे सेक्टरसोबत नोडचे नाव आणि जवळचे स्टेशन नक्की विचारा. वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एक फोन करा.

ओळखीचे कोणी भेटले तर?

अनेक जण याच भीतीने दारातून परततात. पण जो तुम्हाला तिथे पाहील, तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला असेल. मीटिंगमध्ये आडनाव, नोकरी, पत्ता विचारला जात नाही. कोण आले, काय बोलले हे बाहेर न सांगण्याचा संकेत असतो. तरीही संकोच वाटत असेल तर आपल्या नोडमध्येच जायला हवे असे नाही. ऐरोलीकराने बेलापूरला जावे, पनवेलकराने वाशीला. लोकल आहेच.

पहिल्या दिवशी काय घडते?

साधारण तास-दीड तासाची बैठक असते. ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ अशी ओळख देत लोक आपापला अनुभव सांगतात. कुणी मध्ये बोलत नाही, उपदेश करत नाही. नवख्याने नुसते ऐकले तरी चालते. खर्चासाठी पेटी फिरते, त्यात पैसे टाकण्याची सक्ती नाही. बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख येतो, पण एए कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही. भर असतो तो आजचा दिवस न पिता काढण्यावर.

खरेच उपयोग होतो का?

२०२० मध्ये ‘कोक्रेन’ने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. एएमध्ये जाण्यासाठी पद्धतशीर तयारी करून घेतलेल्यांपैकी ४२ टक्के लोक वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होते. म्हणजे उपयोग आहे, हमी नाही. पाय घसरला तरी दार बंद होत नाही. पुढच्या मीटिंगला परत जाता येते.

डॉक्टरांची गरज कधी?

रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. हात थरथरणे, घाम, भास, फिट येणे ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत दिसू शकतात. फिट आली किंवा भास होऊ लागले तर थेट रुग्णालय गाठावे. एए औषधोपचार करत नाही. त्यामुळे आधी डॉक्टर, सोबत मीटिंग असा क्रम ठेवावा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, तर मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ १४४१६. दाखल होण्याची गरज असेल तर १९८६ पासून काम करणारे पुण्याचे ‘मुक्तांगण’ हा एक पर्याय आहे.

आणि घरच्यांनी?

त्यांच्यासाठी ‘अल-ॲनॉन’ हा स्वतंत्र गट आहे. १९५१ मध्ये तो उभा करण्यात बिल यांच्या पत्नी लॉइस यांचा पुढाकार होता. पिणारा यायला तयार नसला तरी पत्नी, आई, भाऊ तिथे जाऊ शकतात.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकालाच कुठली तरी मदत मिळते. उरलेल्या ३७ जणांपैकी कुणी तुमच्या घरात, ऑफिसात किंवा रोजच्या लोकलमध्ये असेल, तर ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवा. पहिल्या दिवशी त्याच्यासोबत दारापर्यंत गेलात, तर आणखी चांगले.