पावसाचं पाणी साठवणारा शंख

चारही बाजूंना पाणीच पाणी, तरी प्यायचं पाणी जपून वापरायचं! ओळखा पाहू, असं कोणतं ठिकाण?

बरोबर, समुद्रातलं बेट! अंदमानातलं पोर्ट ब्लेअर असंच. (२०२४ मध्ये त्याचं नाव 'श्री विजयपुरम' झालं.) तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आपल्या भंडाऱ्याच्या दुपटीहून जास्त! पण बरंचसं पाणी उतारावरून धावत समुद्रात जातं नि खारट होतं. उन्हाळ्यात मग गोड्या पाण्याची चणचण.

याच गावच्या सेल्युलर जेलमध्ये १९११ साली वि. दा. सावरकरांना काळ्या पाण्याच्या शिक्षेवर नेलं होतं. तिथल्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे. १८ जुलै २०२३ रोजी त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. वर्षाला ५० लाख प्रवासी ये-जा करू शकतील, एवढी ती मोठी. खर्च सुमारे ७१० कोटी रुपये. आकार कसला म्हणाल? शंखाचा!

पण मुलांनो, नुसता आकार सुंदर असून भागतं का? इमारतीनं बेटाच्या अडचणीही ओळखायला हव्यात. पहिली अडचण उन्हाची. नवतपात पत्र्याच्या खोलीत कसं भट्टीसारखं होतं, हे शहापूरच्या मुलांना सांगायला नकोच! म्हणून या शंखाचं छप्पर दुहेरी आहे आणि उष्णता अडवणारं आहे. छतातल्या झरोक्यांतून दिवसा भरपूर उजेड येतो, त्यामुळे दिवे कमी लागतात. काचाही अशा, की उजेड आत येतो पण उष्णता फारशी येत नाही. शिवाय ५०० किलोवॅटचा सौर वीज प्रकल्प आहेच.

दुसरी अडचण पाण्याची. इमारतीवर पडणारं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवायची सोय केली आहे. सांडपाणीही वाया जात नाही. तिथंच शुद्ध करून ते झाडांना घालतात.

ही युक्ती आपल्याला नवी नाही बरं का! भंडारा जिल्ह्यातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच आपले 'मामा तलाव', दुसरं काय करतात? वाहून जाणारा पाऊस अडवतात आणि धानाला पाणी देतात. कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी असे कितीतरी तलाव बांधले. तेव्हा ना विमान होतं, ना सिमेंट!

एक गोष्ट मात्र खरी. विमान इंधन जाळूनच उडतं. इमारत कितीही शहाणी असली, तरी तो धूर तिला थांबवता येत नाही. पण जमिनीवर जेवढी वीज नि पाणी वाचेल, तेवढं वाचवणं तिच्या हाती आहे. आपल्याही!

आता एक गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी जमतं. समजा, शहापुरातल्या एखाद्या शाळेचं छप्पर २०० चौरस मीटरचं आहे आणि दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला. किती पाणी? दहा हजार लिटर! थोडं सांडेल, थोडं उडून जाईल, तरी शाळेची बाग हिरवीगार राहील.

आई-बाबांना सोबत घ्या, टेप काढा आणि आपलं छप्पर मोजा. तुमच्या छपरावरचं पाणी सध्या जातं कुठं, तेही बघा!