जुन्या जीपचा कार्ब्युरेटर : आधी परीक्षा, मग दुरुस्ती

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्या डोंगराळ व चिखलवाटांच्या भागांत अद्यापि शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतात. ऐन पेरणीत बियाण्याची पोती घेऊन निघालेली जीप चढावर धापा टाकीत बंद पडली, की पहिला संशय कार्ब्युरेटरवर येतो आणि तो लगेच उघडला जातो. पुष्कळदा दोष अन्यत्र असतो. या खटाटोपात नाजूक भाग मात्र बिघडतात आणि पेरणीचा दिवस वाया जातो. म्हणून पुढील क्रम पाळणे हिताचे ठरते.

प्रथम प्लग काढून ठिणगी पाहावी. प्लगचे तोंड काजळलेले असल्यास पेट्रोल बहुधा अधिक, पांढरेफटक असल्यास कमी मिळत आहे असे समजावे.

नंतर इंजिन बंद व थंड असताना हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे व ॲक्सिलरेटरची दांडी झटकन ओढावी. पेट्रोलची बारीक धार उडाल्यास पेट्रोल तेथवर पोचते हे निश्चित. धार न उडाल्यास पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून बाटलीत धरावी व इंजिन फिरवावे. ठोक्याठोक्याने पेट्रोल न आल्यास दोष टाकी, नळी, गाळणी किंवा इंजिनावरील पंपात शोधावा. या वेळी कॉइलची जाड तार काढून इंजिनाच्या लोखंडास टेकवून ठेवावी. विडीकाडी तर जवळ नकोच.

इंजिन तापल्यावरही चोक अर्धा ओढताच चाल सुधारत असेल, तर जेट तुंबले आहे किंवा गॅस्केटमधून हवा शिरते आहे. उलट पेट्रोल ओसंडत असल्यास फ्लोटची सुई व तिची बैठक पाहावी. पितळी फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळल्यास त्याला भोक पडले आहे.

जेटमध्ये तार कधीही घालू नये. भोक रुंदावले की पेट्रोल कायमचे अधिक जाते. हवेच्या दाबाने जेट स्वच्छ करावे.

देशात सन २०२५ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र रूढ झाले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबराला अपाय करते. यास्तव नळ्या व पडदे इथेनॉलला टिकणारे बसवावेत आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. मृगापूर्वी नांगर-पाभर तपासतात, त्याच दिवशी जीपचीही अशी परीक्षा करावी.