तद्विद्यसंभाषा आणि आंतरजालावरील वैद्यसमूह

चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार वर्णिले आहेत. आंतरजालावरील वैद्यसमूहांत पहिलाच प्रकार हितकर होय.

उदाहरणार्थ, ‘ब्राह्मी’. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी. महाराष्ट्रात मात्र सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हीसुद्धा त्याच नावाने विकली जाते. पहिलीचे पान लहान व मांसल, दुसरीचे वृक्काकार व दंतुर. वाळलेल्या चुऱ्याच्या छायाचित्रावरून हा भेद कळत नाही.

म्हणून गोरेगाव तालुक्यातील वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी ताज्या वनस्पतीचे पान, फूल, मूळ दाखवून उत्पत्तिस्थान व स्थानिक नाव कळवावे. गुराखी व वनवासी औषधींची नामरूपे जाणतात, हे चरकांनीही मान्य केले आहे. समूहातील बहुमत हे प्रमाण नव्हे. प्रत्यक्ष नमुना तज्ज्ञांकडून तपासल्याशिवाय संदिग्ध द्रव्य कल्पात योजू नये.