रविवारची मोहीम



मागच्या भागात आपण शिस्तीबद्दल बोललो. ठरलेली वेळ, ठरलेलं जेवण, ठरलेलं चालणं. आज त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघू. जे रोज त्याच वेळी, त्याच जागी, तसंच घडतं, त्याकडे मन लक्ष देणं सोडून देतं. नव्या गावात गेल्यावर पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरचा भाजीवाला, देवळाची घंटा, समोरच्यांचा कुत्रा, सगळं दिसतं आणि ऐकू येतं. सहा महिन्यांनी त्यातलं काही जाणवत नाही. मन काटकसरी असतं, ओळखीच्या गोष्टीवर ते शक्ती खर्च करत नाही. घरातल्या माणसांचंही तसंच होतं. नवरा-बायको समोरासमोर बसलेले असतात, मुलगा शेजारच्या खोलीत असतो, आणि दिवसभराचं बोलणं ‘जेवलास का’, ‘गॅस बुक केला का’ आणि ‘माझा चार्जर कुठाय’ एवढ्यावर संपतं. भांडण नसतं, दुरावाही नसतो. फक्त कोणी कोणाकडे बघत नसतं.

यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे वर्षाकाठी एक मोठी सहल. सहलीला माझा विरोध नाही. पण हल्लीच्या सहलीत हॉटेलची खोली आपण निघण्याआधीच फोटोत पाहिलेली असते, कुठे काय खायचं ते ठरलेलं असतं आणि रस्ता फोन सांगतो. म्हणजे घरची दिनचर्याच आपण सामानात भरून दुसऱ्या गावी नेतो. आज मी बोलणार आहे ते घरापासून चालत जाता येईल अशा, एका सकाळीत संपणाऱ्या मोहिमांबद्दल.

‘मोहीम’ हा शब्द मी गमतीने वापरत नाही. माझी कसोटी साधी आहे. शेवट कसा होणार हे निघताना कोणालाच ठाऊक नसावं, आणि बरोबरच्या प्रत्येकावर काहीतरी खरं अवलंबून असावं. अंतर, उंची, खर्च यांचा त्याच्याशी संबंध नाही. अ‍ॅलिस्टर हम्फ्रीज नावाचा एक ब्रिटिश साहसवीर आहे. त्याने सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि नंतर लंडनभोवतीच्या महामार्गाच्या कडेकडेने पायी चक्कर मारली. त्याचं म्हणणं असं की नोकरी नऊ ते पाच असेल, तर संध्याकाळच्या पाचपासून सकाळच्या नऊपर्यंतचे सोळा तास आपलेच आहेत. मला ते पटतं. फक्त तो बहुतेक एकट्याचं बोलतो आणि मला कुटुंबाचं बोलायचं आहे.

कुटुंबाच्या बाबतीत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. आर्थर अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर तो २००० साली प्रसिद्ध केला. काही जोडप्यांचे मनगट आणि घोटे एकमेकांना बांधले, आणि दोघांच्या अंगांमध्ये एक उशी धरून, हात न लावता, रांगत चटयांवरचा अडथळा पार करायला सांगितलं. दुसऱ्या जोडप्यांना नुसता चेंडू हळूहळू ढकलत न्यायचा होता. सगळा खेळ सात मिनिटांचा. नंतर विचारलं, तेव्हा उशीवाल्या जोडप्यांना आपलं नातं जास्त चांगलं वाटत होतं. सात मिनिटांत संसार सुधारतो असं मी म्हणणार नाही. पण फौजेत ज्याने नव्या जवानांना पहिल्यांदा अडथळ्यांचा कोर्स एकत्र पार करताना पाहिलंय, त्याला यात नवल वाटायचं नाही. सकाळी अनोळखी असलेली पोरं दुपारी एकमेकांची नावं घेऊन ओरडत असतात.

आता हे मला शिकवलं कोणी ते सांगतो. हे मी अकादमीत शिकलो नाही, पत्नीकडून शिकलो.

अधिकाऱ्याला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि वीस दिवसांची किरकोळ रजा असते, मिळाली तर. फील्ड पोस्टिंगला कुटुंब बरोबर नेता येत नाही. माझा मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा मी एकदा हिशेब मांडला. त्या दहा वर्षांतली जेमतेम साडेपाच वर्षं मी त्याच्याबरोबर एका छपराखाली होतो. तोवर त्याच्या चार शाळा झाल्या होत्या. दर दोन-तीन वर्षांनी त्या काळ्या ट्रंका भरायच्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने नवा पत्ता लिहायचा, आणि मुलांनी मित्रांना ‘पत्र पाठवीन’ म्हणायचं. मोठ्यांना ती बदली असते. नऊ वर्षांच्या मुलाला ते जग बुडाल्यासारखं असतं.

जोधपूरहून सिकंदराबादला आलो आणि लगेच माझी रवानगी काश्मीरला झाली. मुलगा घराबाहेर पडेना. तेव्हा पत्नीने जे सुरू केलं त्याला घरात ‘हरवायचा रविवार’ असं नाव पडलं. सकाळी दोन्ही मुलांना घेऊन ती पायी निघायची. प्रत्येक चौकात डावीकडे की उजवीकडे हे आळीपाळीने मुलांनी सांगायचं. तासभर असं चालायचं. मग ती थांबायची आणि म्हणायची, “मला रस्ता माहीत नाही. आता तुम्ही मला घरी न्या.” तिच्या पर्समध्ये घरचा पत्ता आणि रिक्षापुरते पैसे असायचे, पण ते शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर काढायचे नाहीत. निघण्यापूर्वी एकच वाक्य पाठ करायचं, ते तिथल्या भाषेत. तेलुगूत ‘इंटिकि दारि एटु’, म्हणजे घरी जायची वाट कुठली. आपल्याकडे दारी म्हणजे दारात, त्यांच्याकडे दारि म्हणजे वाट. मुलं हसून हसून लोळली, आणि ते वाक्य आजही आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

पहिल्याच रविवारी ती तिघं त्रिमुलघेरीच्या गल्ल्यांत खरोखरच हरवली. मुलाने एका इराणी हॉटेलवाल्याला ते वाक्य विचारलं. त्याने उत्तर उर्दूत दिलं, हातात उस्मानिया बिस्कीट ठेवलं आणि वाटेवरची मशीद, पिंपळ, पाण्याची टाकी अशा खुणा सांगितल्या. त्या खुणा धरत मुलाने आई आणि बहिणीला घरी आणलं. मला हे कसं कळलं? त्याच्या पत्रावरून. तोवरच्या पत्रांत ‘मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात’ एवढंच असायचं. हे अंतर्देशीय पत्र घड्यांच्या कडांपर्यंत लिहून भरलेलं होतं, आणि शेवटी पिंपळासकट नकाशा होता. ‘५६ एपीओ’च्या पत्त्यावर आलेलं ते पत्र मी बंकरमध्ये कितीदा वाचलं ते सांगत नाही.

यात काय काय घडलं ते नीट पाहा. ज्या अनोळखी शहराची त्याला भीती होती त्या शहराला त्याने स्वतः वाट विचारली आणि ती मिळाली. आईने ‘मला माहीत नाही’ म्हटल्यामुळे तो जबाबदार झाला. आणि सांगण्यासारखं काही घडल्यामुळे बापाला लिहिण्यासारखं काही मिळालं. गोष्ट सांगितल्याशिवाय मोहीम पुरी होत नाही. फौजेतही कामगिरीवरून परतल्यावर बसून बोलावंच लागतं. त्यासाठी आमच्या घरी एक नियम आहे, आधी धाकट्याने बोलायचं. हा मी कोर्ट-मार्शलच्या पद्धतीतून उचलला. तिथे मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करतात, म्हणजे वरिष्ठाचं ऐकून कोणी आपलं मत बदलत नाही. आजोबा आधी बोलले की नातवंडं फक्त मान डोलावतात. करून बघा.

आता आम्ही महूला असतो. मुलगा आणि सून बंगळुरूला. नातवंडं दसऱ्याच्या सुट्टीत दहा दिवस येतात. नात तेरा वर्षांची झाली. अशा किती सुट्ट्या उरल्यात हे मला मोजता येतं, म्हणून मी दहा दिवस वाया घालवत नाही.

मागच्या ऑक्टोबरमध्ये उशिराचा पाऊस पडत होता. आठ वर्षांच्या नातवाने गच्चीच्या पन्हाळीतून पडणारं पाणी बघून विचारलं, “आजोबा, हे समुद्रात जातं?” मी म्हटलं, “कुठल्या?” झाली मोहीम सुरू.

महूचं स्थान गमतीचं आहे. गाव माळव्याच्या पठाराच्या अगदी दक्षिण काठावर आहे. इथलं पाणी गंभीर नदीत, तिथून क्षिप्रेत, चंबळेत, यमुनेत आणि गंगेतून बंगालच्या उपसागरात जातं. पण जेमतेम काही किलोमीटरवर पातालपाणीचा धबधबा आहे, तो चोरल नदीचा. चोरल नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. म्हणजे शेजारी-शेजारी पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात, आणि मधली सीमारेषा डोळ्यांना कळतही नाही.

ती नकाशावर मात्र कळते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात तपकिरी समोच्च रेषा असतात, दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचा फरक. ओढ्याजवळ या रेषा इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात आणि त्या ‘व्ही’चं टोक नेहमी चढाकडे, ओढ्याच्या उगमाकडे असतं. दोन बाजूंच्या ओढ्यांची टोकं पेन्सिलने खुणावली की मधला उंचवटा आपोआप उमटतो. नातीने अर्ध्या तासात तो काढला. तेवढा वेळ फोन चार्जिंगला होता, हे मी मुद्दाम बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरचं पाणी गंभीरपर्यंत पायी शोधत जायचं ठरलं. सेनापती नातू. माझ्याकडे फक्त पाण्याची बाटली, आणि बंद केलेला एक फोन, अडीअडचणीपुरता. गटार नाल्याला मिळालं, नाला रस्त्याखाली गेला आणि पलीकडे दिसेना. सेनापती डावीकडे वळले. उतार उजवीकडे होता, ते मला दिसत होतं. तीस वर्षं हुकूम दिलेल्या माणसाला अशा वेळी गप्प राहणं किती जड जातं, ते घरच्यांना विचारा. पण गप्प राहिलो. अर्धा तास भटकून आम्ही एका पेरूच्या बागेच्या कुंपणाशी पोचलो. राखणदाराने नाला कुठे गेला ते दाखवलं आणि मीठ लावून पेरू दिले. नातवाच्या हकिकतीत त्या रात्री नदीला दोन वाक्यं मिळाली आणि पेरूला दहा.

दोन गोष्टी मात्र कडक शब्दांत सांगतो. पहिली, अनिश्चितता आणि बेपर्वाई एक नव्हे. २०११च्या पावसाळ्यात याच पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात पात्रात उभं असलेलं एक कुटुंब सापडलं, त्यातले काही वाचले नाहीत. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात पडलेला पाऊस काही मिनिटांत खाली येतो. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की आधी काठ गाठायचा, वस्तू नंतर. आणि पावसाळ्यात पात्रातल्या खडकांवर उतरायचंच नाही. आम्ही धबधबा कठड्याच्या आतून बघतो. तिथून कालाकुंडला जाणारी छोटी रेल्वे होळकरांच्या काळातली आहे. ती चालू असेल तर जरूर बसा, आणि कालाकुंडच्या स्टेशनवरचा कलाकंद खा. आधी चौकशी करून जा.

दुसरी गोष्ट पुरुषांसाठी. आपल्याकडे घराची सहल ठरली की एक माणूस पहाटे चारला उठून पुऱ्या तळतो आणि परतल्यावर डबे घासतो. त्याची मोहीम स्वयंपाकघरातच होते. आमच्याकडे नियम आहे, सेनापती बदलतो तसा शिदोरीचा माणूसही बदलतो. माझी पाळी असली की ब्रेड, उकडलेली अंडी आणि केळी. तक्रार आली नाही. आली तर पुढच्या वेळी तक्रारदाराची पाळी.

तुमच्या गावाला डोंगर नसेल तर? पाण्याला डोंगर लागत नाही, उतार लागतो. सिमल्याला रिजवर उभं राहिलात तर एका बाजूचं पाणी सतलजला जातं, दुसऱ्या बाजूचं यमुनेला. बंगळुरूही अशाच एका कण्यावर बसलंय. पश्चिमेचं पाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि कावेरीत, पूर्वेचं दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूत. वृषभावतीचा उगम बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी मानतात. आणि पाण्यात रस नसेल तर आजीच्या जुन्या डाळीच्या डब्यावरचं दुकान अजून आहे का ते शोधा, किंवा शहर बसच्या एखाद्या ओळीचं शेवटचं स्टेशन गाठा.

महिन्याभराने नातीचा फोन आला. त्यांचं घर शहराच्या पूर्वेला आहे. तिने बापाला दोन रविवार उन्हातून फिरवून आपल्या सोसायटीचं पाणी एका तलावापर्यंत नेलं होतं. मुलगा मागून म्हणत होता, “बाबा, हिने मला सुरक्षारक्षकाशी कन्नडमध्ये बोलायला लावलं.” पुढचा रविवार सुनेचा. कुठे जायचं ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही. जुने बूट घाला, एवढाच हुकूम निघालाय.