निसर्गचित्रातील पाणचक्की : श्रम आणि दृश्य यांचा अन्वयार्थ

प्रास्ताविक :

ओढ्याकाठचे उतरत्या छपराचे घर, त्याच्या भिंतीलगत फिरणारे शेवाळलेले लाकडी चाक आणि भोवतालची गर्द झाडी हा पाश्चात्त्य निसर्गचित्रणातील परिचित विषय होय. महाराष्ट्रातील निसर्गचित्रणात मात्र तो रुजलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात या फरकामागील कारणांचा विचार केला आहे.

युरोपीय परंपरा :

डच चित्रकार मेइंडर्ट हॉबेमा (१६३८–१७०९) याने पाणचक्कीचा विषय वारंवार हाताळला. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याचे वडील स्वतः गिरणीमालक होते. त्याच्या 'फ्लॅटफर्ड मिल' (१८१६–१७) या चित्रात गिरणी पार्श्वभूमीला असून अग्रभागी नाव ओढणाऱ्या घोड्यावर बसलेला मुलगा दिसतो. म्हणजेच वरवर शांत भासणारे हे दृश्य वस्तुतः एका उद्योगाचे चित्र आहे. बारमाही प्रवाह आणि इमारतीबाहेर उभे फिरणारे चाक यांमुळे तेथे दळणाचे काम सहजच चित्रविषय बनले.

महाराष्ट्रातील उदाहरण :

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील अठराव्या शतकातील पाणचक्की प्रसिद्ध आहे. हर्सूलच्या बाजूने काही किलोमीटर अंतरावरून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंच भिंतीवर चढविले जाई. तेथून पडणाऱ्या पाण्याच्या जोराने पात्यांचा आस फिरे व त्यावरील दगडी तळी दळण दळी. हे पीठ फकीर, यात्रेकरू व विद्यार्थी यांच्या अन्नासाठी उपयोगी पडे. येथे फिरणारी पाती मात्र जात्याखाली दडलेली असतात. पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो तो हौद आणि त्यात कोसळणारी धार.

अभावाची कारणे :

दख्खनमधील बहुतेक ओढे पावसाळ्यानंतर आटतात. त्यामुळे पाणचक्की हा येथील अपवाद, तर जाते हा नियम होता. पहाटे, घराच्या आत, ओवीच्या साथीने होणारे हे दळण स्त्रियांच्या वाट्याला आलेले होते. मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा सुरू झाल्यानंतर युरोपीय धर्तीचे निसर्गचित्रण महाराष्ट्रात स्थिरावले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी रंकाळा व कोटितीर्थ येथील जल आणि प्रकाश यांचे उत्कट चित्रण केले. तथापि घराबाहेर चौकट मांडणाऱ्या चित्रकाराच्या दृष्टीच्या टप्प्यात माजघरातील जाते येणे शक्य नव्हते.

निष्कर्ष :

एखादा विषय चित्रात का येतो, याचे उत्तर केवळ सौंदर्यदृष्टीत नसते. ते श्रम कोठे आणि कोणाकडून होतात यावरही अवलंबून असते. युरोपात पाण्याने केलेले काम चित्रात अजरामर झाले. महाराष्ट्रात स्त्रीच्या हातांनी केलेले काम निसर्गचित्राबाहेर राहिले, ते ओवीने जपले. म्हणून कलास्वादाच्या अध्यापनात चित्र आणि ओवी यांचा एकत्रित अभ्यास होणे अगत्याचे ठरते.